पी.टी. सरांना एकदा सीमेवर जाऊ द्या

आमच्या नालवाडीत अलीकडे पहाट होते ती कोंबड्याच्या आरवण्याने नव्हे, शिट्टीने. साडेचार-पावणेपाचच्या सुमारास डांबरी रस्त्यावर पंधरा-वीस पोरांच्या पावलांचा धप् धप् आवाज येतो आणि त्यामागून ती शिट्टी. सैन्यात किंवा पोलिसात भरती होऊ पाहणारी ही पोरे. कुणी शेतमजुराचा, कुणी ऑटोवाल्याचा, कुणी दुसऱ्याच्या दुकानात मापाडी असलेल्याचा. आणि शिट्टी वाजवणारे आहेत आमचे निवृत्त पी.टी. सर. पेन्शन सुरू होऊन कितीतरी वर्षे झाली, गुडघे कुरकुरतात, तरी डोक्याला मफलर गुंडाळून ते सायकलवर पोरांच्या मागे असतात. १६०० मीटर धावणे, बीमवर लटकून दंड मोजणे, ९ फुटी खड्डा ओलांडणे हे सारे ते फुकट शिकवतात. एखादा पोरगा आला नाही, तर शिट्टी वाजवत त्याच्या दारात जाऊन उभे राहतात. साऱ्या गल्लीला जाग येते, पण तक्रार कुणी करत नाही.

परवा फिरून परतताना मी त्यांना विचारले, "सर, आजवर तुमची किती पोरे लागली?" सरांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, "लागली तेवढी लागली. पण गेल्यावर कुठे असतात, कशी असतात, ते डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. सुट्टीवर आली की पेढे घेऊन येतात, तेवढंच." मग थोडे थांबून म्हणाले, "एकदा जाऊन पाहावं म्हणतो."

सरांचे हे साधेसे वाक्य माझ्या मनातून जाईना. त्याला कारण होते. काही दिवसांपूर्वी अमेरिकेतल्या एका प्रथेविषयी वाचनात आले होते. तिथे कॉलेजांच्या फुटबॉल संघांचे प्रशिक्षक देशाबाहेरच्या लष्करी तळांवर जाऊन आपल्या सैनिकांना भेटतात. २००८ साली मार्क रिक्ट, चार्ली वाइस, टॉमी ट्युबरव्हिल असे नामवंत प्रशिक्षक मिळून आखातातल्या तळांवर गेले होते. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन एकमेकांवर धडकत पुढे सरकण्याचा तो खेळ. पण कॉलेजच्या या खेळाचे तिथे इतके वेड आहे, की अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सर्वांत मोठा पगार गव्हर्नरचा नसतो, राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो! अशी माणसे वाळवंटातल्या तळावर जातात, पोरांशी बोलतात, सह्या देतात, छायाचित्रे काढून घेतात आणि परत येतात.

आधी मला याचे हसू आले. सैनिकांना भेटायला नट-नट्या जातात हे आपण समजू शकतो. अमेरिकेत १९४१ साली यू.एस.ओ. ही संस्था सैनिकांच्या विरंगुळ्यासाठीच निघाली. बॉब होप हा विनोदी नट तर त्याच वर्षापासून १९९०-९१ च्या आखाती युद्धापर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे, सैनिकांपुढे कार्यक्रम करत हिंडला. पुढे १९९७ साली तिथल्या काँग्रेसने त्याला मानद माजी सैनिक ठरवले. पण प्रशिक्षक? ज्याचे काम पोरांना उन्हात पळवायचे आणि चुकले की ओरडायचे, त्याला भेटून सैनिकाला कसला विरंगुळा मिळणार?

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आधीच होते. ते मला आमच्याच बँकेच्या दारात, स्टुलावर बंदूक घेऊन बसलेल्या एका माणसाने दिले होते. ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

१९८८ साल होते. मी बँकेत नवा होतो, वर्ध्याजवळच्या एका शाखेत. दर महिन्याला एक विधवा बाई पैसे काढायला यायची. तिचा मुलगा फौजेत होता आणि त्याच्या पगारातले पैसे तिच्या खात्यावर येत. बाई अंगठा लावायची, नोटा तीनदा मोजायची, पदराच्या गाठीत बांधायची आणि जायची. त्या वर्षी तिचा मुलगा श्रीलंकेत होता. जुलै १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेना तिकडे गेली होती. शांतिसेना नावाचीच, प्रत्यक्षात तिथे लढाई पेटली होती. वर्तमानपत्रात जाफना, त्रिंकोमाली ही नावे रोज यायची. बाईला वाचता येत नव्हते, पण कुणीतरी वाचून दाखवत असावे. एक दिवस पैसे घेतल्यावर ती हललीच नाही. काउंटरला धरून म्हणाली, "सायेब, तिथं माह्या पोराले कोनी आपलं मानूस भेटते काय जी?"

मार्च महिना होता. पुढे रांग होती, मागे वह्यांचा ढीग होता. मी म्हणालो, "काकू, फौजेत सगळी आपलीच माणसं असतात." वाक्य खोटे नव्हते, पण ते मी तिला वाटेला लावण्यासाठी म्हटले होते. ती "हो का जी" म्हणाली आणि गेली. तिला काय विचारायचे होते ते मला कळले होते आणि मी ते न कळल्यासारखे केले होते. नोकरीत पुष्कळ चुका केल्या. बेरजेच्या चुका सापडल्या आणि दुरुस्तही झाल्या. ही मात्र तशीच राहिली.

त्या मोहिमेत आपले सुमारे १२०० जवान कामी आले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली, तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. त्यांची राजकीय कारणे होती. पण बोटीतून उतरणाऱ्या पोराला राजकारण कुठे ठाऊक असते? तो किनाऱ्यावर कुणी आपले माणूस आहे का, एवढेच बघत असणार.

त्या बाईचा मुलगा परत आला. पुढे २००३ च्या सुमारास मी त्या भागात शाखा व्यवस्थापक होऊन आलो, तर शाखेचा पहारेकरी म्हणून तोच दारात उभा! हवालदार होऊन निवृत्त झालेला, मिशा राखलेला, कमी बोलणारा माणूस. दुपारी गर्दी ओसरली की मी त्याला चहाला आत बोलवायचो. एकदा मी विचारले, "हवालदार, तुमच्या पोस्टवर कधी कुणी मोठा माणूस भेटायला आला होता का?"

"आला होता ना जी, एक सिनेमावाला," तो म्हणाला. "तीन दिवस आमी गोट्याले चुना मारत होतो. हेलिकॉप्टर आलं, धुरळा उडाला. माही ड्युटी मांगच्या बाजूनं होती. मले धुरळाच दिसला." आणि तो खळखळून हसला. मी म्हटले, "मग काय उपयोग?" तर मला थांबवून म्हणाला, "तसं नाही सायेब. येऊ द्या ना त्याइले. ज्या पोट्ट्याइनं पाह्यलं ते चार दिवस त्याच गोठी करत होते. तेवढंच बरं वाटते."

मग बराच वेळ गप्प बसून त्याने दुसरी गोष्ट सांगितली. १९९३ साली त्याची आई गेली. तो तेव्हा जम्मूच्या वर कुठेतरी होता. रस्ता बर्फाने बंद होता. गावी पोहोचला तेव्हा तेरवी होऊन गेली होती. सुट्टी संपवून परत गेला आणि त्यानंतर वर्षभर तो कुणाशी धड बोलला नाही. काम चोख होते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आले नाही. पुढच्या वर्षी त्याच्या शाळेचे पी.टी. मास्तर वैष्णोदेवीच्या यात्रेला निघाले होते. याची तुकडी तेव्हा जम्मूत उतरली होती. मास्तरांनी कुठून तरी पत्ता काढला आणि गेटवर येऊन उभे राहिले. हातात गोरसपाकाचा डबा. निरोप आला, हा गेटवर गेला, पाया पडला. मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि पहिले वाक्य काय उच्चारले? "पोट सुटलं काहून रे तुहं? बीम किती मारतं?"

"सायेब, मी तिथंच रडलो," हवालदार सांगत होता. "मांगून माहे पोट्टे पाहत होते, तरी रडलो. मास्तर काही बोल्ले नाही. मंग मले म्हने, चाल, बीम दाखव. मी बारा मारले. ते म्हने, शाळेत अठरा मारत होता. बस. गोरसपाक देला अन् गेले." अर्धा तासही भेट झाली नसेल. पण त्या रात्री आपण पोटभर जेवलो आणि दुसऱ्या दिवसापासून माणसात आलो, असे तो म्हणाला.

त्याच्या आईने मला विचारले होते ते "आपलं माणूस" म्हणजे कोण, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून अमेरिकन प्रशिक्षकांच्या भेटीविषयी वाचल्यावर आलेले हसू फार टिकले नाही. विचार केला तर त्या कल्पनेत मोठे शहाणपण आहे. नट हा सैनिकाला घटकाभर त्याच्या आयुष्यातून बाहेर नेतो. प्रशिक्षक त्याला त्याच्या आयुष्यात परत आणतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला घरातून उचलून, त्याला शिस्त लावून, पडला तर उठवून, दहा जणांत मिसळून खेळायला शिकवणारा माणूस म्हणजे प्रशिक्षक. सुभेदारही तेच करतो. फरक एवढाच, की प्रशिक्षकाला तो पोरगा वर्दी चढवण्याच्या आधीपासून ठाऊक असतो. वर्दीआधीचे आपले नाव घेऊन हाक मारणारे कुणीतरी असावे, ही गरज मोठी आहे.

आपल्याकडे ही रीत अगदीच नाही असे नाही. १९६२ च्या युद्धानंतर सुनील दत्त आणि नर्गिस यांनी कलावंतांचे पथक उभारून सीमेवरच्या चौक्यांवर कार्यक्रम केले. विविध भारतीवरच्या 'जयमाला'ने फौजी भावांना घरबसल्या नव्हे, बंकरबसल्या गाणी ऐकवली. आपल्या नाना पाटेकरने १९९१ च्या 'प्रहार'साठी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांबरोबर घाम गाळला आणि १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी तो आघाडीवर गेला. खेळाडूंत कपिल देव २००८ मध्ये प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल झाला, सचिन २०१० मध्ये हवाई दलात मानद ग्रुप कॅप्टन झाला. धोनीला २०११ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नलची पदवी मिळाली. त्याने ती भिंतीवर टांगून ठेवली नाही. २०१५ मध्ये आग्र्याला विमानातून उड्या मारून पॅराशूटचे प्रशिक्षण पुरे केले आणि ३१ जुलै ते १५ ऑगस्ट २०१९ या काळात काश्मीरमध्ये आपल्या बटालियनबरोबर गस्त आणि पहाऱ्याची कामे केली. पाहुणा म्हणून मिरवण्यापेक्षा सोबती म्हणून राहणे मोलाचे, हे त्याला कळले.

पण हे सारे तारे. ताऱ्यांना आपण सारे ओळखतो, तारे आपल्याला ओळखत नाहीत. माझे म्हणणे आहे ते पी.टी. सरांविषयी आणि तालमीतल्या वस्तादांविषयी.

एका पारखी नजरेने काय होते, याचे उदाहरण आपल्या बीड जिल्ह्यातले आहे. अविनाश साबळे हा गरीब घरातला मुलगा, शाळेसाठी मैलोन् मैल पायपीट केलेला. महार रेजिमेंटमध्ये शिपाई झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला. सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतीत उतरल्यावर अमरीश कुमार या सैन्यातल्याच प्रशिक्षकाची त्याच्यावर नजर पडली. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण, ही पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. सगळे काही साबळे होणार नाहीत. पण आपल्याकडे कुणाची तरी नजर आहे, ही जाणीव प्रत्येकाला लागते.

विदर्भाला तर या बाबतीत मोठा वारसा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. तिथल्या मंडळींनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी थेट जर्मनीत जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. आमच्या पिढीला शाळेत ज्यांनी पळवले, त्यांतले कितीतरी शिक्षक त्या मातीत घडलेले. अमरावतीहून बर्लिन गाठता येते, तर वर्ध्याहून जम्मू का गाठता येऊ नये?

यावर आक्षेप येतील, ते मी ऐकून आहे. पहिला माझ्या गावातूनच येईल. डिसेंबर १९३२ मध्ये विनोबा वर्ध्याचा आश्रम सोडून नालवाडीत राहायला आले. सूत कातून जे मिळेल तेवढ्यावर त्यांनी इथे जगून पाहिले. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ इथेच निघाले. अशा गावात बसून तुम्ही फौजेचे कौतुक काय सांगता, असे एका जुन्या सर्वोदयी स्नेह्याने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. मी युद्धाचे कौतुक सांगत नाही. पण गांधीजींनीच १८९९ च्या बोअर युद्धात सुमारे ११०० हिंदी माणसांचे शुश्रूषापथक उभे केले होते आणि जखमी सैनिक खांद्यावर वाहिले होते. युद्ध वाईट म्हणून सैनिक परका, असे त्यांनी मानले नाही. आणि विनोबा? भूदानासाठी ते तेरा वर्षे पायी चालले, चंबळच्या खोऱ्यात बागींच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. माणसाशी बोलायचे तर त्याच्यापर्यंत आपण जायचे, हा या मातीचाच धडा आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. अगदी पुढच्या चौकीवर कुणी ऊठसूट जाऊ नये हे मान्यच. त्याची गरजही नाही. कामठीला गार्ड्‌सचे केंद्र आहे, बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, सागरला महार रेजिमेंटचे. प्रशिक्षण संपताना शपथेची परेड होते, आईवडील येतात, मुलाला छातीशी धरतात. त्या दिवशी तिसरी खुर्ची पी.टी. सरांची असावी, एवढे तरी करता येईल. आणि फार लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात पुलगावला मोठे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या रात्री तिथे आग लागली, जवानांचे आणि अग्निशमन दलाच्या माणसांचे प्राण गेले. स्फोटांनी दारे हादरली तेव्हा आपल्याला कळले की आपल्या शेजारी सैनिक राहतात. तासाभराच्या अंतरावरच्या त्या माणसांना त्याआधी आणि त्यानंतर आपल्यापैकी किती जण भेटले?

तिसरा आक्षेप खर्चाचा. हा माझ्या धंद्यातला प्रश्न. निवृत्त बँकवाला म्हणून सांगतो, एका शिक्षकाचे रेल्वेचे जाण्या-येण्याचे भाडे आणि चार दिवसांचा भत्ता हा आकडा आपल्या चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांपेक्षा मोठा होणार नाही. एका तालुक्यातून वर्षाला एक शिक्षक, एवढ्यापासून सुरुवात करावी. गणेश मंडळांनी, व्यापारी संघांनी, माजी विद्यार्थ्यांनी मिळून तिकीट काढून द्यावे. एकच अट घालावी, छायाचित्रकार सोबत नेऊ नये. आणि चुना मारलेल्या गोट्यांची तर अजिबातच गरज नाही. मास्तर गेटवर उभे राहतील.

आज ही गोष्ट पूर्वीपेक्षा निकडीची आहे, म्हणून ती लिहायला घेतली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. त्यात भरती होणारा मुलगा चार वर्षांसाठी जातो आणि चार वर्षांनी त्यांतले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. योजना बरी की वाईट, हा वाद इथे नको. पण हवालदार सतरा-अठरा वर्षे नोकरी करून, मिशा पिकवून परत आला होता. ही पोरे बावीस-तेविसाव्या, फार तर पंचविसाव्या वर्षी परत येतील. हातात थोडी रक्कम, अंगात ताकद, आणि मनात 'आपल्याला ठेवले नाही' हे शल्य. त्या वेळी स्टेशनवर कोण उभे असेल? बँकेचा माणूस ठेवींची योजना घेऊन येईल, क्लासवाला जाहिरात घेऊन येईल. सायकल घेऊन, मफलर गुंडाळून, "पोट सुटलं काहून रे?" म्हणणारा माणूस तिथे हवा. आणि तो तिथे असायचा तर मधली चार वर्षे त्याचा धागा तुटता कामा नये.

हे सगळे मी आमच्या पी.टी. सरांना सांगितले. ते म्हणाले, "मला कोण पाठवते?" मी म्हटले, "मी पाठवतो. तिकीट माझे." त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. पण मी थट्टा करत नव्हतो. एक जुनी बाकी माझ्या नावे पडून होती. ज्या बाईची ती देणी होती, ती आता नाही. पण बाकी कुणाकडे तरी भरावीच लागते.

गाडी पुढच्या महिन्यात आहे. गावातली दोन पोरे सध्या जम्मूत आहेत, त्यांना कळवलेले नाही. सरांनी सामानात दोनच गोष्टी काढून ठेवल्या आहेत, गोरसपाकाचे दोन डबे आणि ती शिट्टी.